अकरा कुंड्या आणि एक बरणी

बेळगावातल्या शहापूरचं घर विकताना चौकटीपासून कौलांपर्यंत सगळ्याची बोली झाली. परड्यातल्या झाडांची मात्र कुणी चौकशीसुद्धा केली नाही. मग ती मीच काढून घेतली. मोठी झाडं काही उचलता येत नाहीत. कढीलिंबाच्या मुळातून फुटलेलं वीतभर पिल्लू, तांबड्या आणि पिवळ्या जास्वंदीच्या फांद्या, मोगऱ्याची जमिनीत दाबून मुळं फोडलेली डहाळी, अनंताचं लहान रोप, गावठी गुलाब, अबोली, शेवंतीचे फुटवे, गवती चहाचा ठोंब, कोरफड, पुदिना आणि सासूबाईंची तुळस. मोजून बारा. २०२२च्या फेब्रुवारीत ही सगळी मंडळी जुन्या साड्यांच्या ओल्या चिंध्यांत गुंडाळून टिळकवाडीत दुसऱ्या मजल्यावर आली. वरची गच्ची आमची, एवढ्यावरच मी ते घर पसंत केलं होतं.

जन्मभर जमिनीत झाडं लावली. खड्डा खणायचा, शेणखत टाकायचं, रोप ठेवायचं आणि पायानं माती दाबायची. पाणी पुढं कुठं जातं हा प्रश्न कधी पडलाच नाही. आमटीला पातेलं लागतं तशी झाडाला कुंडी लागते, एवढीच माझी समज. त्यामुळे बारा कुंड्यांची खरेदी एका रविवारी दीड तासात उरकली. रस्त्याकडेला एकजण मातीच्या कुंड्या विकत बसला होता, त्याच्याकडून तीन घेतल्या, ६० रुपयांना एक. पुढं एका दुकानात आठ इंची काळ्या प्लास्टिकच्या पाच, सिमेंटच्या दोन आणि तुळशीला सिमेंटचं छोटं वृंदावन. तिथंच ती निळी बरणी दिसली. चिनी मातीची, झिलईची, खाली फुगीर आणि वर गळा आवळलेला. मी उलटी करून बघितली तर बूड सलग. दुकानातला पोरगा म्हणाला, "तूत इल्ल री." भोक नसलेली कुंडी विकायला का ठेवतात हे त्याला विचारायचं सोडून मी ती घेतली. निळा रंग फारच सुरेख होता.

घरी येऊन ह्यांनी ड्रिलला टाइल्सचं बिट लावलं, हॅमरचं बटण बंद ठेवलं आणि मी वरून पाण्याची बारीक धार धरली. दहा मिनिटांत बोटभर भोक पडलं. बरणी तडकली नाही याचा आम्हा दोघांना इतका आनंद झाला की एक भोक पुरेल का याचा विचार दोघांनीही केला नाही. कढीलिंबाचं पिल्लू तिच्यात गेलं. जास्वंदी, गुलाब, शेवंती आणि पुदिना काळ्या प्लास्टिकमध्ये. अनंत आणि कोरफड सिमेंटमध्ये. मोगरा, अबोली, गवती चहा मातीत. प्रत्येक कुंडीच्या तळाला तीन बोटं खडी घातली, कारण ओळखीतल्या प्रत्येकानं तेच सांगितलं होतं. आणि कठड्याच्या कडेनं सगळ्या एका रांगेत मांडल्या. फोटो छान आला.

एप्रिलमध्ये पहिली तक्रार जास्वंदीनं केली. दुपारी तीनच्या सुमाराला पानं लोंबायची. मी पाणी घालायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एकदा बोट खुपसून पाहिलं तर माती चांगली ओली. ओल्या मातीत झाड सुकतंय म्हणजे करणी म्हणावी तर आमच्या घराण्याचं कुणाशी वैर नाही. सहज म्हणून कुंडीच्या पश्चिमेकडच्या अंगाला हात लावला आणि झटक्यानं मागं घेतला. तवा तापावा तशी तापली होती. पुढं कुंडी बदलताना गड्डा बाहेर काढला तेव्हा दिसलं, पश्चिमेच्या बाजूची मुळं तपकिरी, मऊ, हातात येत होती आणि पूर्वेची पांढरी, टवटवीत. मुळं भाजली होती आणि मी त्यांच्यावर गरम पाणी ओतत होते.

त्याच महिन्यात मातीच्या कुंड्यांची गोष्ट नेमकी उलटी. त्या हाताला गार लागायच्या, अगदी माठासारख्या, कारण माठाचं जे चालतं तेच इथं चालतं. भिंतीतून पाणी झिरपतं, बाहेर वाळतं आणि आतली माती गार राहते. फक्त ते पाणी मला दिवसातून दोनदा घालावं लागत होतं. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. येतं त्या दिवशी टाकी, बॅरल, बादल्या, घरातली सगळी भांडी भरून ठेवायची. त्यात मोगऱ्याला सकाळ-संध्याकाळ एकेक तांब्या म्हणजे सासूबाईंच्या नजरेला नजर न देता जिना चढायचा.

मे महिन्यात अथणीहून माझी थोरली बहीण आली. अथणी म्हणजे याच बेळगाव जिल्ह्याचं ईशान्येचं टोक. ऊन कडक, पाऊस बेताचा. तिनं गच्ची बघितली आणि मातीच्या कुंड्यांकडं बोट दाखवून म्हणाली, "ह्या आमच्यात कुणी फुकट दिल्या तरी नको. दिवसभर पाणी पाजत बसायला आमच्याकडं माणसं नाहीत." ती स्वतः प्लास्टिकच वापरते, पण पांढरा रंग लावून, पूर्वेच्या पडवीत, आणि लहान कुंडी मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत वाळका पाला भरते. तेव्हा मला ती खेड्यातली जुगाड वाटली. पुढं कळलं की तिनं तिच्या हवेला जे हवं तेच केलं होतं. याच जिल्ह्याच्या पश्चिमेला, मलप्रभा उगवते त्या कणकुंबीच्या बाजूला, पाऊस महिनोन्‌महिने उसंत देत नाही. आम्ही बेळगावकर या दोघांच्या मधले. दोन महिने आमची अथणी होते, चार महिने कणकुंबी. कुंडी एकच आणि तिनं दोन्ही सोसायचं.

कणकुंबी जूनच्या शेवटाला आली. बेळगावचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. मुसळधार कमी, पण थांबतच नाही. आठ-आठ दिवस ऊन नाही, कपडे वाळत नाहीत, मीठ सुटतं. त्यात पहिल्यांदा शेवंती गेली. खालून काळी पडत वर आली. उपटली तर मुळांना गटाराचा वास. मी म्हटलं, खाली तीन बोटं खडी आहे, पाणी तर निघून जायला हवं होतं.

इथं मला जरा थांबून सांगायचंय, कारण ही खडीची गोष्ट मला पटायला सगळ्यात जास्त वेळ लागला. ह्यांचा भाचा स्थापत्य अभियंता आहे. तो ऑगस्टमध्ये आला होता. त्याला शेवंतीची कुंडी दाखवली तर तो स्वयंपाकघरातून भांडी घासायचा स्पंज घेऊन आला. स्पंज पाण्यात बुडवून त्यानं तळहातावर आडवा धरला. धो धो पाणी गळलं, मग थेंब थेंब, मग थांबलं. "मामी, आता यातलं पाणी संपलं का?" म्हणाला. मी म्हटलं, गळायचं थांबलं म्हणजे संपलं. त्यानं तोच स्पंज न पिळता उभा केला. पुन्हा पाणी गळायला लागलं, चांगलं चमचाभर.

माती अशीच असते, तो म्हणाला. जादाचं पाणी गळून गेल्यावरही तळाचा काही बोटं उंचीचा थर चिंबच राहतो, कारण तेवढं पाणी मातीचे बारीक कण धरून ठेवतात. त्या थराची उंची मातीवर ठरते, कुंडीवर नाही. म्हणजे बसकी कुंडी घेतली तर निम्मी कुंडी चिखल आणि उभी घेतली तर तळाचा थोडा भाग. आणि खडीचं काय? बारीक मातीतलं पाणी एकदम जाड खडीत उतरायला तयार नसतं. वरची माती पूर्ण चिंब झाल्याशिवाय ते खाली सरकत नाही. त्यामुळे तो चिखलाचा थर जातो कुठं, तर खडीच्या वर येऊन बसतो, मुळांच्या आणखी जवळ. आठ इंचाच्या कुंडीत अडीच इंच मी खडीला दिले होते आणि उरलेल्यात शेवंतीला बुडवलं होतं.

मी तरी वाद घातला. म्हटलं, पिढ्यान्‌पिढ्या लोक तळाला खापर ठेवत आलेत, ते काय वेडे? तो म्हणाला, एक खापर आणि खडीचा थर यात फरक आहे. भोकावर खापराचा एक तुकडा, कमानीसारखा पालथा, म्हणजे माती वाहून जात नाही आणि पाण्याला वाट राहते. तेवढंच. त्यावर सासूबाई आतून म्हणाल्या, "आमी एकच ठेवत होतो. तूच पोतंभर घातलीस." हे मला फेब्रुवारीत सांगितलं असतं तर शेवंती वाचली असती, पण सुनेनं विचारल्याशिवाय सांगायचं नाही हा त्यांचा नियम.

त्याच पावसात आणखी दोन गोष्टी उघड झाल्या. साठ रुपयांच्या मातीच्या कुंड्यांचे काठ पापुद्रे सुटल्यासारखे गळायला लागले. अबोलीच्या कुंडीला बोटानं खरवडलं तर नखात माती आली. वर गेरूचा हात मारलेला, म्हणून लालबुंद दिसत होती, आत भाजणी कच्ची. ऑगस्ट संपेपर्यंत तिचं एक अंग बसलं. दुसरी गोष्ट अनंताची. त्याची नवी पानं पिवळी यायला लागली, शिरा मात्र हिरव्या. मी खत घातलं, आणखी खत घातलं. नर्सरीतल्या बाईंनी पानाचा फोटो बघून पहिला प्रश्न विचारला, "कुंडी सिमेंटची आहे का? नवी?" नव्या सिमेंटमधून चुना सुटत राहतो, माती अल्कधर्मी होते आणि मग मातीत लोह असूनही अनंतासारख्या झाडाला ते घेता येत नाही. अनंताला आंबट माती लागते. कोरफडीला त्याच सिमेंटच्या कुंडीत काहीही झालं नाही, उलट ती फुगली. सिमेंटची नवी कुंडी वापरायचीच तर दोन-तीन आठवडे पाण्यानं भरून ठेवायची आणि दर दोन दिवसांनी पाणी बदलायचं, हे त्यांनीच सांगितलं. फेकायचं ते पाणी मी गच्ची धुवायला वापरलं.

ताटल्यांचं थोडक्यात सांगते. प्रत्येक कुंडीखाली मी हौसेनं ताटली ठेवली होती. पावसाळ्यात त्या भरून राहायच्या, कुंडीचं बूड पाण्यात, आणि वर डासांच्या अळ्या वळवळायला. डेंगीच्या दिवसांत नगरसेवकाआधी शेजारी आले. तेव्हापासून जून ते ऑक्टोबर ताटल्या माळ्यावर.

तर २०२२च्या दिवाळीला हिशेब असा होता: शेवंती गेली, अबोली जमिनीवर पसरलेल्या मातीच्या ढिगात उभी, अनंत पिवळा, एक जास्वंद अर्धी, तुळस गेली (तिची गोष्ट पुढं) आणि पुदिना सासूबाईंनी आपल्या ताब्यात घेऊन तेलाच्या १५ किलोच्या डब्यात लावला होता. डब्याला त्यांनी खिळ्यानं तळाला आणि बाजूला मिळून वीसेक भोकं पाडली होती. पुदिना डब्याबाहेर सांडत होता.

दुसऱ्या खेपेला मी घाई केली नाही. भाच्यानं आधी वजनाचं गणित मांडून दिलं. कुंडीचा आकार तोंडावरून बोलतात, आठ इंची, बारा इंची. मला वाटायचं बारा इंची म्हणजे आठ इंचीच्या दीडपट. तोंड दीडपट, पण उंचीही दीडपट होते आणि रुंदी दोन्हीकडून, म्हणून माती तिपटीहून जास्त मावते. खाली निमुळत्या बारा इंची मातीच्या कुंडीत १२ लिटरच्या आसपास माती बसते. निव्वळ लाल माती ओली झाली की एवढ्याचेच २० किलो होतात, वर कुंडीचे पाच-सहा. एका चौरस मीटरात अशा नऊ कुंड्या खेटून बसतात, म्हणजे २३० किलोंच्या आसपास. आणि वापरातल्या गच्चीचा स्लॅब काढताना भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण १५० किलो वावराचा भार धरतात. "घर पडणार नाही मामी, पण खालच्या काकांच्या छताला तडा गेला तर तुम्हीच जबाबदार." मग त्यानं खडूनं गच्चीवर बीमच्या रेघा मारल्या. मोठ्या कुंड्या त्या रेघांवर, लहान मध्ये, आणि खेटून कुठंच नाही. मातीत लाल माती एक वाटा, कोकोपीट एक वाटा, शेणखत आणि गांडूळखत मिळून एक वाटा. हलकीही झाली आणि पाणीही सुटायला लागली. कठड्यावर एकही कुंडी ठेवायची नाही हे त्यानं न सांगताही मला कळत होतं. त्याच वर्षीच्या वळवाच्या वाऱ्यात एक खाली गेली होती, सुदैवानं रात्री.

मग २०२३च्या जानेवारीत खानापूर.

खानापूरची माती कौलांसाठी, विटांसाठी आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक. खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी जुनी संस्थाही तिथंच आहे. बेळगावहून पिरनवाडी, मच्छे, गणेबैल करत तासाभरात पोचतो. आम्ही ज्यांच्याकडं गेलो ते सत्तरीचे असतील. अंगणात वाळत घातलेल्या कच्च्या कुंड्यांच्या रांगा, एका बाजूला आवा, म्हणजे कुंड्या भाजायची भट्टी, त्यावर राख. मी सवयीनं लालबुंद दिसणाऱ्या कुंड्यांकडं वळले.

"आक्का, रंग काय बघायलासा? वाजवून बघा की," ते म्हणाले.

त्यांनी एक कुंडी डाव्या हाताच्या बोटांवर तोलली आणि उजव्या हाताचं पेर मारलं. टण्‌कन आवाज आला आणि थोडा वेळ राहिला. दुसरी उचलली, पेर मारलं, थप्‌. "ही आव्याच्या कडंची. आच लागली नाही. ही दोन पावसाळं काढत नाही." मी विचारलं, मग विकता कशाला? "घरात ठेवायला नेत्यात की लोकं. तुमी पावसात ठेवणार म्हणून सांगायलोय." आवाज बसका आला तर बारीक तडाही असू शकते, म्हणून वाजवून झाल्यावर उन्हासमोर धरून आत बघायचं, हेही त्यांनी दाखवलं. पुढचा अर्धा तास मी आणि हे कुंड्या वाजवत बसलो. ह्यांचा तबल्याचा कान तेवढ्यापुरता तरी कामी आला.

मग मी टेप काढला. बारा इंची म्हणून ठेवलेली कुंडी काठाच्या बाहेरून बारा होती. काठ जाड, आत साडेदहा. यात लबाडी नाही, मापच बाहेरून घेतात. पण रोप आत राहतं, तेव्हा माप आतून घ्यावं. तळाला भोक एकच, पावलीएवढं. मी म्हटलं, मला जास्त भोकं हवीत. ते म्हणाले, भाजल्यावर पाडायला गेलात तर दहातल्या तीन फुटतील, कच्च्यातच पाडायला पाहिजे. आणि तळाला नकोत, बाजूला बुडाशी पाडून देतो. "तळाचं भोक फरशीला चिकटतंय. पाणी जाणार कुठनं? बाजूचं बंद होत नाही." मला आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, तेलाचा डबा आठवला.

सात कुंड्यांची ऑर्डर दिली. महिन्याभरानं या म्हणाले. मी विचारलं, पुढं आणखी लागल्या तर पावसाळ्यात येऊ का? ते हसले. पावसाळ्यात चाकावरचा माल वाळत नाही, ओला आव्यात घातला तर फुटतो. शिवाय तेव्हा गणपतीची कामं. कुंड्या घ्यायच्या तर संक्रांतीपासून वैशाखापर्यंत. तोवर त्यांच्या सुनेनं चहा आणला होता आणि ती सासूबाईंसारखीच कन्नड-मराठी मिसळून बोलत होती. तिच्या तोंडी कुंडीला शब्द होता हूकुंड. फुलाचं कुंड. तो मला कुंडीपेक्षा जास्त आवडला.

महिन्याभरानं माल आणला. नवी मातीची कुंडी कोरडी वापरली तर ती पहिल्या पाण्यातलं निम्मं स्वतःच पिते, म्हणून सातही रात्रभर बॅरलमध्ये बुडवल्या. बुडबुडे यायचे थांबले की काढायच्या. आता कुणाला काय द्यायचं हा प्रश्न होता आणि या वेळी मी झाडाकडून सुरुवात केली. याची मुळं खोल जातात की पसरतात? याला ओल आवडते की कोरड? आणि याला मी एप्रिलमध्ये किती वेळा पाणी घालणार, खरं खरं? तिसरा प्रश्न कुठल्याच माहितीत नसतो. मी दिवसातून एकदाच गच्चीवर जाते, गुडघे दोनदा जाऊ देत नाहीत.

त्या हिशेबानं मोगरा, गुलाब आणि अनंत मातीच्या बारा इंचीत गेले, कारण पावसाळ्यात पाय ओले राहिलेले तिघांनाही सोसत नाही. अबोली दहा इंचीत. दोन्ही जास्वंदी खादाड आणि तहानलेल्या, त्यांना मातीची कुंडी उन्हाळ्यात पुरत नाही. म्हणून त्यांना जाड, फिक्या रंगाच्या, चौदा इंची प्लास्टिकच्या दोन कुंड्या विकत घेतल्या, ऊन सोसणाऱ्या. विकत घेताना काठ चिमटीत धरून दाबून बघितला. स्वस्तातलं प्लास्टिक दोन उन्हाळ्यांत पापडासारखं मोडतं. त्यांच्या पुढ्यात कोरफडीच्या सिमेंटच्या कुंड्या उभ्या केल्या, पश्चिमेचं ऊन त्यांनी अडवावं म्हणून. गवती चहाला कापडी ग्रो बॅग दिली. पिशवीच्या कडेला मूळ पोचलं की हवा लागून थांबतं, गोल गोल फिरत नाही. कमी पैशात काम भागतं, फक्त ओली पिशवी सरकवता येत नाही. शेवंती नव्यानं आणली आणि मातीच्या आठ इंचीतच लावली. पहिल्यापासून मोठं घर दिलं तर लहान मुळांना एवढं पाणी शोषता येत नाही आणि माती आंबते. दरवेळी दोन-अडीच इंच वाढवत न्यायचं. एकुलत्या नातवाला पाच वर्षं पुरेल असा शर्ट शिवणाऱ्या आमच्या पिढीला हे जड जातं.

काळ्या पाचही कुंड्या अथणीला गेल्या. बहिणीनं त्यांना पांढरा रंग दिल्याचा फोटो पाठवला, खाली काही लिहिलं नव्हतं.

तुळशीची गोष्ट. वृंदावन सिमेंटचं, वरचा खळगा सहा इंचाचा आणि खाली भोक नाही. पहिल्या पावसाळ्यात त्यात तळं साचून तुळस गेली. कार्तिकात तुळशीचं लग्न आणि वृंदावन रिकामं, त्यामुळे आईंनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं. वृंदावनाला ड्रिल लावायला त्या तयार होईनात. शेवटी मी खळग्यात बसेल अशी प्लास्टिकची लहान कुंडी आणली, तुळस तिच्यात. सणावारी वृंदावनात, भर पावसात उचलून जिन्याच्या छपराखाली, खळग्यावर पालथी परात. आईंनी ते आधी मोडीत काढलं. मग एका सकाळी पाहिलं तर त्या स्वतःच तुळस बाहेर काढून ठेवत होत्या, "चल गे बाई, भिजशील," म्हणत.

राहिली बरणी. तिच्याकडं बघणारा प्रत्येकजण कुठून घेतली म्हणून विचारायचा, आणि कढीलिंब दोन वर्षांत कमरेएवढा झाला होता, त्यामुळे तिच्या वाटेला मी गेले नाही. २०२४च्या मार्चमध्ये पानं बारीक यायला लागली. पाणी घातलं की वरच साचायचं, मग एकदम कडेनं निघून जायचं. मुळांनी कुंडी भरली होती, झाडाला मोठं घर हवं होतं. आम्ही बरणी आडवी केली, ह्यांनी बुंधा धरून ओढला. हलेना. कडेनं सुरी फिरवली, भोकातून काठी घालून ढकललं, रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी पुन्हा ओढलं. आत फुगलेला मुळांचा गड्डा आणि वर आवळलेला गळा. फुगीर पोटाच्या कुंडीत शिरलेलं झाड सरळ बाहेर येणं शक्यच नव्हतं, हे तिच्या आकारावर दोन वर्षं लिहिलेलं होतं. मला दिसत होता निळा रंग.

दोनच वाटा होत्या. गड्डा कापून झाड काढायचं किंवा बरणी फोडायची. हे म्हणाले, बरणी महागाची आहे. मी म्हटलं, हे झाड शहापूरचं आहे. हातोडा मीच घेतला. एका घावात ती फुटली नाही. तिसऱ्या घावाला गळा सुटला आणि मग पोट उकललं. आत मुळांनी बरणीचा अगदी साचा घेतला होता. माती दिसतच नव्हती, नुसती एकावर एक गुंडाळलेली मुळं. बाहेरची मुळं कात्रीनं उभी चिरून मोकळी केली आणि कढीलिंब सरळ भिंतीच्या, वर रुंद होत जाणाऱ्या सोळा इंची कुंडीत, बीमच्या रेघेवर, कायमचा बसवला. महिनाभर मान टाकून होता. मृगाच्या पहिल्या सरीनंतर त्याला कोंब आला.

निळी खापरं आईंनी वेचून धुऊन ठेवली. गळ्याजवळची बाक असलेली वेगळी, बाकीची वेगळी. बाकवाली भोकांवर ठेवायला कामी आली. प्रत्येक कुंडीत एकेक गेली, अगदी तेलाच्या डब्यातसुद्धा.

गेल्या जुलैत पाऊस सहा दिवस थांबला नव्हता. रात्री अकराला मी छत्री आणि टॉर्च घेऊन गच्चीवर गेले. प्रत्येक कुंडी विटांच्या दोन तुकड्यांवर, खालून मोकळी. टॉर्च खाली धरून एकेक बघत गेले. मोगऱ्याच्या बुडाशी दोन्ही भोकांतून बारीक धारा, अनंताच्या तशाच, कढीलिंबाखालून वाहणारं पाणी थेट मोरीपर्यंत पोचलेलं. गुलाबाच्या कुंडीखाली मात्र वीट कोरडी. वर पाणी काठोकाठ. बाजूच्या भोकात काडी घातली तर ती अडकली. कुंडी एकटीनं कलंडणारी नव्हती. ह्यांना हाक मारायला जिन्याशी आले तर आई आधीच दारात उभ्या, हातात विणायची सुई.

"हिनं बघ," म्हणाल्या. "गांडूळ असलं तर जपून."